गाईंच्या माहेरची फेमाक्का

माझा चुलतभाऊ दिनकर याच्या गोठ्यातल्या काळ्यापांढऱ्या गाईंना आम्ही सगळे 'जर्शी' म्हणायचो. जिच्या पाठीला वशिंड नाही ती जर्शी, एवढंच आमचं ज्ञान. फेमके आली ती पाठीवरची सॅक न उतरवता आधी गोठ्यात शिरली, एका गाईच्या अंगावरून हात फिरवला आणि मला इंग्रजीत म्हणाली, "ही जर्सी नाही. ही माझ्या मुलखातली गाय आहे." मी ते दिनकरला सांगितलं. दिनकर घरातल्या बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग गाईचं म्हायेरचं माणूस आलं म्हणायचं की! सुनंदे, च्या टाक."

बाई हॉलंडच्या उत्तरेकडची. साठीला टेकलेली, उंच, खांदे पैलवानासारखे, केस कानाच्या वर कापलेले. वडिलांच्या गाई होत्या, वडील गेल्यावर भावानं त्या विकल्या. मग ती पोस्टात लागली आणि सायकलवरून टपाल वाटत म्हातारी झाली. नोकरी संपल्यावर देश बघायला निघाली, पण तिचं देश बघणं म्हणजे किल्ले आणि देवळं नव्हेत. ज्या घरात जनावरं आहेत तिथं राहायचं, सकाळी चार-पाच तास शेणघाण काढायची, त्या बदल्यात दोन वेळचं जेवण आणि पडायला खाट. असं करणाऱ्या लोकांची इंटरनेटवर सोय असते म्हणे. दिनकरचा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर असतो, त्यानं बापाला न विचारता घराचे आणि गोठ्याचे फोटो तिथं टाकून दिले होते.

"फुकट राबाय कोण येतंय रं?" म्हणून दिनकर हसला होता. माघ संपता संपता ती पलूसच्या स्टँडवर उतरली आणि तिला आणायला मला पाठवलं गेलं, कारण गावात इंग्रजी बोलणारा मी एकटा. माझं इंग्रजी फौजेतलं. त्यात हुकूम पुष्कळ आणि व्याकरण थोडं. पण तिचंही तसंच होतं, त्यामुळं आमचं जमलं.

नाव कुणाला धड घेता येईना. सुनंदानं दुसऱ्या दिवशी त्याचं 'फेमाक्का' केलं आणि आळीनं ते उचललं.

फेमाक्काच्या खोडी सांगायच्या तर पहिली चहाची. कारखान्याला ऊस घालणारं घर, आणि ही बाई चहात साखर घेत नसे. सुनंदाला तो अपमान वाटायचा. पहिले चार दिवस तिनं मुकाट्यानं साखर घातली. फेमाक्का एक घोट घ्यायची, उठायची, चहा तुळशीजवळच्या मोगऱ्याला घालायची आणि रिकामा कप आणून द्यायची. पाचव्या दिवशी सुनंदा हरली. मोगऱ्याला मात्र त्या वर्षी फुलं आली नाहीत.

दुसरी खोड खरं बोलण्याची. आमच्याकडं आमटी कशी झाली असं विचारणारी बाई काही आमटीबद्दल विचारत नसते, आणि सांगणाराही आमटीबद्दल सांगत नसतो. फेमाक्काला हे कळायचंच नाही. आमटी खारट असली की ती म्हणायची, "आज खारट." मराठी शिकली ती सुनंदाकडून, त्यामुळं पुढं पुढं "आज लय खारट" असं म्हणायला लागली. ग्रामपंचायतीनं तिचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. सरपंचांनी आपल्या नव्या बंगल्यावर चहाला नेलं आणि बंगला कसा वाटला असं मला विचारायला लावलं. ती म्हणाली, "माणसांना जागा फार आहे, गाईंच्या गोठ्यात मात्र उजेड नाही." मी भाषांतर केलं, "लय आवडला म्हणतीया." ती माझ्याकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी बोलले जास्त आणि तू सांगितलंस थोडं." मी म्हणालो, मराठी भाषाच आटोपशीर आहे.

तिला राग यायचा नाही आणि दुसऱ्याला येत असेल असं तिला वाटायचंही नाही. "गाय आजारी असली तर तिला मजेत आहेस म्हणून उपयोग आहे का?" असं तिचं म्हणणं. 

गोठ्यात मात्र ती आवाज चढवायची नाही. दिनकरचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि तोंडानं अखंड तिच्या भाषेत काहीतरी पुटपुट. गाई कान टवकारून ऐकत. दिनकर म्हणायचा, "आमी इतकी वरसं शिव्या घातल्या, त्यास्नी म्हायेरची भाषा पायजे हुती व्हय!"

ती आल्यावर महिनाभरातच एक गाय व्याली. खोंड झालं.

ज्यांच्या घरी दुभत्या गाई आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कालवड झाली तर घरात पेढे, खोंड झालं तर सगळे गप्प. या जातीच्या बैलाला वशिंड नाही, म्हणून जू बसत नाही. जू बसलं तरी नांगर ट्रॅक्टरचा. विकायला न्यावं तर गिऱ्हाईक नाही, कापायला द्यावं तर कायदा आणि पापाची भीती. मग कुणी काही करत नाही. खोंडाला दूध कमी पडत जातं. ते गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहतं आणि एका सकाळी उठत नाही. कुणी मारलेलं नसतं, म्हणून कुणाच्या अंगाला काही लागत नाही.

त्या दिवशी सुनंदानं चिकाचं भांडं उचललं. पहिल्या चिकाचा खरवस आळीत वाटायचा, ही रीत. फेमाक्का भांडं धरून बसली. "पहिला चीक त्याचा," म्हणाली. दिनकरनं मला बोलावलं. मी तिला वरचं सगळं समजावून सांगितलं, यावेळी काही न गाळता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं असल्या वासरांना लवकरच कत्तलखान्यात नेतात. माझा बाप नेत होता. तुम्ही मारत नाही, मरू देता. कुठलं बरं ते मला ठरवता येत नाही. पण मी इथं आहे तोवर हा दूध पिणार."

दिनकर दारातल्या दगडावर जाऊन बसला. मग म्हणाला, "पाव्हणं हाय. पिऊन पिऊन किती पील." खोंडाला म्हणत होता की बाईला, कळलं नाही.

तिनं खोंडाचं नाव ठेवलं यान. वडिलांचं नाव. यावर आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. बापाचं नाव खोंडाला! उद्या खोंडाला हाकलायचं म्हटलं तर पाव्हणीच्या बापालाच हाकलल्यासारखं की! मग लोकांनीच वाट काढली आणि त्याचा 'यान्या' केला.

यान्या वाढला. दूध, मग कोवळा लसूणघास, मग ती स्वतः बांधावरून कापून आणायची ते गवत. ती दूध घालायला डेअरीवर निघाली की हा मागं. मोकळा, दाव्याशिवाय. ती थांबली की थांबायचा, आणि तिचे बूट चाटत उभा राहायचा. डेअरीवरची माणसं हसायची, "आवं, दूध देणारी घरी ठिवली आन् ह्याला घिऊन आला व्हय!" तीही हसायची. तिला वाटायचं आपल्याबरोबर हसतायत. खरं तर महिन्याभरानं ते तसंच झालं होतं.

फक्त समोरच्या घरातली हौसाक्का त्याच्याकडं बघायची नाही. हौसाक्का ऐंशीच्या पुढची. तिच्या नवऱ्याची खिल्लारी जोडी एके काळी तालुक्यात नावाजलेली. नवरा गेला, जोडी गेली, पोरानं ट्रॅक्टर आणला. "ह्याला काय बैल म्हणायचं?" असं ती कट्ट्यावरून मोठ्यानं म्हणायची. "ना वशिंड, ना शिंगाची ऐट. म्हशीवाणी पाठ."

फेमाक्काला अर्थ कळायचा. ती रोज गोठ्यातलं काम संपलं की हौसाक्काच्या कट्ट्यावर जाऊन बसायची आणि यान्याला समोर उभा करायची. दोघींची भाषा एक नाही. हौसाक्का आपल्या जोडीच्या गोष्टी सांगायची, फेमाक्का बापाच्या गाईंच्या. दोघी एकाच वेळी बोलायच्या. मी एकदा मध्ये भाषांतर करायला गेलो तर हौसाक्कानं मला हाकललं, "तू कशाला मदी? आमाला कळतंय." एके दिवशी बघितलं तर म्हातारी बोलता बोलता यान्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होती आणि तो डोळे मिटून मान वर करून उभा होता.

आषाढात बेंदूर आला. आमच्याकडं बैलांचा सण तो. पण बैल आहेत कुठं? आळीतली शेवटची जोडी विकली गेली त्याला बरीच वर्षं झाली. बायका मातीचे बैल आणतात, पाटावर ठेवतात, त्यांच्यापुढं पुरणपोळीचा निवद ठेवतात आणि मग घरची माणसं तो खातात. हौसाक्काला हे कधी पटलं नाही. मातीला निवद दाखवून सण होत नाही, असं ती दरवर्षी म्हणायची. त्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी ती काठी टेकत दिनकरच्या दारात आली.

"फेमा," म्हणाली, "आळीत आता यान्याच काय त्यो बैल. उद्या त्याला सजीव."

फेमाक्का रडली. इतक्या महिन्यांत तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं. ज्याला कुणी जगू द्यायला तयार नव्हतं त्याला आळीनं आपला म्हटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच त्या दिवशी बरं वाटलं, उगाच नाही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर नेऊन यान्याला धुतला. शिंगं नव्हतीच, दोन बोंडं होती, त्यांना तांबडा हिंगूळ लावला. हौसाक्कानं आपल्या ट्रंकेतली खिल्लाऱ्यांची झूल काढली. ती त्याला इतकी मोठी झाली की मागून फरपटत होती. गळ्यात घुंगरं, कपाळाला बाशिंग. दुपारी बायका ताटं घेऊन यायला लागल्या. पहिली सुनंदा. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. प्रत्येक ताटात पोळ्या, वर तुपाची धार. यान्यानं अशी गोड गोष्ट जन्मात खाल्ली नव्हती. तो जीभ लांब करून मागत होता आणि बायका हसत होत्या.

थोड्या वेळानं फेमाक्कानं माझी बाही ओढली. "पुरे. याचं पोट गवताचं आहे. हे पीठ, डाळ, गूळ एवढं नाही चालत. सांग त्यांना." मी सांगितलं. बायका म्हणाल्या, "आवं भावजी, आजच्या दिशी कशाचं काय हुतंय? देवाचं हाय." एकीनं तर विचारलं, "आमचाच निवद माघारी धाडायचा व्हय? आमी काय घोडं मारलंय?" हे पण खरंच होतं. शेजारणीची पोळी बैलानं खाल्ली आणि आपली परत गेली, हे कुठल्या बाईला सोसणार?

मी फेमाक्काला म्हणालो, तू सांग, तुझं ऐकतील. ती पुढं झाली. तेवढ्यात हौसाक्का आली. दुरडीत पोळ्या. तिच्या सुनेकडून कळलं की म्हातारी पहाटेपासून स्वतः पुरण वाटत बसली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. जोडी गेल्यापासून पहिल्यांदा जिवंत बैलाला निवद होता तिचा. ती यान्यापुढं वाकली, पोळी त्याच्या तोंडाजवळ नेली आणि म्हणाली, "खा माज्या राजा."

फेमाक्का तोंड उघडून उभी होती. सरपंचाला तोंडावर बोलणारी, आमटी खारट असली तर खारटच म्हणणारी बाई. तिनं हौसाक्काच्या तोंडाकडं बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं. यान्यानं दुरडी संपवली.

संध्याकाळी तो बसला तो उठेना. दात खायला लागला. पोट डावीकडं तट्ट झालं, आत पाणी हलल्यासारखा आवाज यायचा. सुनंदानं ताकात हिंग घालून दिला, दिनकरनं तेल पाजलं. पलूसहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण पोरगा, जीव तोडून केलं त्यानं. सोडा पाजला, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. सकाळी परत आला तेव्हा यान्याचे डोळे खोल गेले होते आणि कान गार पडले होते. डॉक्टरनं फेमाक्काला आणि मला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितलं, पोटात पोळ्या आंबल्या, आम्ल रक्तात उतरलंय. पोट उघडून सगळं काढलं तर कदाचित, पण ते इथं होत नाही. साताऱ्याकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तेवढा प्रवास त्याला सोसेल असं वाटत नाही.

"नेऊ," ती म्हणाली.

पिकअप आणला. उसाच्या पाचटाचा थर टाकला, चौघांनी यान्याला उचलून ठेवला. फेमाक्का मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पुढं ड्रायव्हरजवळ. कऱ्हाडपर्यंत मी दर थोड्या वेळानं वळून काचेतून बघत होतो. ती त्याच्या कानात पुटपुटत होती, तीच भाषा, तोच सूर. आम्ही काय करू शकत होतो? ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तेवढंच त्याच्या हातात होतं. माझ्या हातात तेही नव्हतं. फौजेत जखमी माणसं गाडीतून नेलेली आहेत, पण त्या दिवशीसारखं रिकामं मला कधी वाटलं नाही.

कऱ्हाड ओलांडून थोडं पुढं गेल्यावर तिनं काचेवर टकटक केलं. मी उतरून मागं गेलो. यान्याची मान कलली होती. तिनं हातानं मागचा रस्ता दाखवला.

परतीच्या वाटेवर तिनं मला मागं बसायला लावलं. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाला ते आळीत सांगायचं नाही." मी म्हणालो, "पण तूच म्हणतेस ना, आजारी गाईला..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी प्रेमानं दिलं. हे त्यांना कशाला?"

उसाच्या बांधाला खड्डा काढला. मीठ घालून त्याला ठेवला. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, घरचं माणूस गेल्यासारख्या पदर तोंडाला लावून. "कशानं गेलं ओ?" असं जी ती विचारत होती. मी म्हणालो, बांधावरचं काहीतरी विषारी खाल्लं असंल. फेमाक्का फावड्यानं माती ओढत राहिली. हौसाक्का तेवढी आली नाही. दार लावून घेतलं होतं. सून म्हणाली, जेवत नाहीत, बोलत नाहीत.

चारेक दिवसांनी फेमाक्काची निघायची तारीख होती. ती आधीच ठरलेली होती, नाहीतर लोक म्हणाले असते यान्यामुळं गेली. त्या दिवसांतही ती गोठ्यात रोजच्या वेळेला जायची, शेण काढायची, धारा काढायची. गाईंशी मात्र बोलायची नाही. दिनकर एकदा मला म्हणाला, "दादा, तिला म्हणावं कायतरी बोल गं. गाई दूध चोराय लागल्या, पान्हाच सोडंनात." मी ते तिला सांगितलं नाही.

जायच्या सकाळी सुनंदानं तिची ओटी भरली. उंच बाई, पँट-शर्टात, पदर नाही म्हणून शर्टाचं टोक धरून उभी. नारळ, तांदूळ, खण. आळी जमली होती. दिनकर सॅक गाडीत ठेवून उगाच तिचे पट्टे आवळत बसला. बायका रडत होत्या आणि ती एकेकीला मिठी मारत होती. त्या मिठीचीही आमच्या बायकांना सवय नाही, पण त्या दिवशी सगळ्यांनी मारून घेतली.

ती गाडीत बसली, मी तिच्या शेजारी. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि हौसाक्का बाहेर आली. चारच दिवसांत निम्मी झाली होती. काठी टेकत गाडीजवळ आली आणि खिडकीची कड धरून उभी राहिली. बायका बाजूला सरल्या.

"फेमा," ती म्हणाली, "मला खरं सांग. माज्या पोळ्यांनी गेला का गं त्यो?"

 मला भाषांतर करायची गरज नव्हती, तेवढं मराठी तिला येत होतं. फेमाक्का नेहमी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची. आता ती खिडकीवरच्या हौसाक्काच्या बोटांकडं बघत होती.

"न्हाई आक्का," ती म्हणाली. "पोळीनं न्हाई. त्याचं पोट पैलंच वाईट हुतं."

हौसाक्कानं काठी गाडीला टेकवली. मग तिनं दोन्ही हात आत घातले, फेमाक्काच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"खोटं बोलाय शिकलीस की गं, आमच्यात ऱ्हाऊन," ती हळूच म्हणाली, आणि वळून घराकडं चालायला लागली.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. फेमाक्कानं मला विचारलं, "शेवटी काय म्हणाली ती?"

मी समोर बघत म्हणालो, "नीट जा म्हणाली."

ती "ठीक" म्हणाली. मग मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. आळीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हा हौसाक्का अजून तिच्या दारापर्यंत पोचली नव्हती.